मसखरा, मिजाह-निगार आणि विनोदकार

नववीच्या वर्गात मी पु. ल. देशपांडे यांच्याविषयी पाच ओळी लिहायला सांगितल्या होत्या. एका मुलाने लिहिले, 'पु. ल. देशपांडे हे मराठीतील थोर मस्करे होते.' मी वाक्य वाचून दाखवताच वर्ग हसला. त्या मुलाचा चेहरा उतरला. वाचून दाखवले ही माझीच चूक झाली. त्याला तर लेखकाचा गौरवच करायचा होता. 'थट्टा-मस्करी' हा शब्द त्याने मराठीत ऐकला होता. त्यावरून त्याने उर्दूतला 'मसखरा' मराठीत आणला.

मस्करी आणि मसखरा हे शब्द एकाच अरबी घराण्यातले आहेत, हे खरे. पण मित्रांनो, उर्दूत तरी आपण पतरस बुखारींना मसखरा म्हणू का? आपल्या जालन्यात जन्मलेल्या युसूफ नाझिम यांना म्हणू का? मसखरा म्हणजे चाळे करून हसवणारा. लिहून हसवणारा तो मिजाह-निगार. 'मिजाह' म्हणजे विनोद आणि 'निगार' म्हणजे लिहिणारा, चितारणारा. अफसाना-निगार, ड्रामा-निगार हे शब्द तुमच्या परिचयाचे आहेतच.

मराठीत हेच काम 'कार' हा प्रत्यय करतो. नाटककार, कथाकार, तसा विनोदकार. 'विनोदी लेखक' असेही म्हणतात. किंबहुना तेच अधिक रूढ आहे. मला मात्र 'विनोदकार' आवडतो. 'विनोदी लेखक' म्हटले की लेखकच विनोदी आहे असे वाटते. हिंदीत 'हास्य लेखक' म्हणतात, आणि बोचरे लिहिणाऱ्याला 'व्यंग्यकार'.

सर्वांत गमतीची कथा इंग्रजी शब्दाची आहे. 'ह्यूमर' या शब्दाचा मूळ लॅटिन अर्थ ओलावा, द्रव. शरीरात रक्त, कफ, पिवळे पित्त आणि काळे पित्त असे चार द्रव असतात, असे जुने वैद्य मानत. आपले युनानी हकीम त्यांनाच खून, बलगम, सफरा आणि सौदा म्हणतात. या चौघांच्या मिश्रणावरून माणसाचा स्वभाव ठरतो, अशी समजूत होती. ज्याचा स्वभाव तऱ्हेवाईक, तो 'ह्यूमरिस्ट'. म्हणजे लोक ज्याला हसत, त्याचे ते नाव होते! हसवणाऱ्या लेखकाला ते पुढे मिळाले. तेव्हा असा घोटाळा केवळ आमच्या विद्यार्थ्यानेच केला, असे नाही.

उर्दूत त्या मिश्रणाला 'मिजाज' म्हणतात. मिजाज आणि मिजाह यांची मूळे वेगळी; पण उर्दूत लिहिताना त्यांच्यात फरक एका नुक्त्याचा. शेवटच्या जीमचा नुक्ता काढला की मिजाजचा मिजाह होतो.

दुसऱ्या दिवशी त्या मुलाने वही पुन्हा दाखवली. 'मस्करे' खोडून त्याने 'विनोदकार' लिहिले होते आणि खाली उर्दूत 'मिजाह-निगार'. मात्र घाईत नुक्ता पडला होता. त्यामुळे वाचायला आले 'मिजाज-निगार', म्हणजे स्वभाव चितारणारा. पु. लं.ना 1965 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तो 'व्यक्ति आणि वल्ली' या पुस्तकासाठी, आणि त्यात आहेत ती माणसांची स्वभावचित्रे. मी लाल पेन बाजूला ठेवले.