पाळण्याआधीचे सहा महिने

सांधेदुखी ही उतारवयाची व्याधी, असा समज आपल्या घरांतून खोलवर रुजलेला आहे. त्यामुळे पंचविशीतील सुनेची बोटे सकाळी तासभर आखडली, तर तो कामाचा शीण मानला जातो. मालवणसारख्या किनाऱ्यावरील गावात समुद्राच्या दमट हवेला बोल लावला जातो. प्रत्यक्षात काही सांधेविकारांचे मूळ हवेत नसून शरीराच्या संरक्षणव्यवस्थेत असते. रोगजंतूंशी लढण्यासाठी असलेली ही व्यवस्था स्वतःच्याच पेशींवर उलटते. आमवात अर्थात ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, ल्युपस, स्योग्रेन हे असे आजार होत. पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा यांनी 1996 मध्ये भिगवण येथे घरोघरी जाऊन जी पाहणी केली, तीत प्रौढांमध्ये आमवाताचे प्रमाण सुमारे अर्धा टक्का आढळले. म्हणजे दोनशे माणसांमागे एक. रुग्णांत स्त्रियांची संख्या अधिक असते. ल्युपसच्या दहा रुग्णांपैकी नऊ स्त्रिया, आणि त्याही बहुधा ऐन संसाराच्या वयातील.

हे आजार केवळ सांध्यांपुरते राहत नाहीत. शरीरातील दीर्घकाळची दाहक्रिया रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तराला इजा करते. अमेरिकेत 1997 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, 35 ते 44 वयोगटातील ल्युपसग्रस्त स्त्रियांना हृदयविकाराच्या झटक्याचा धोका त्याच वयाच्या इतर स्त्रियांच्या तुलनेत पन्नास पटींहून अधिक दिसून आला. या वयात झटका मुळात क्वचितच येतो, हे लक्षात घेऊनही हा आकडा दुर्लक्षिण्याजोगा नाही.

अशा शरीरावर गर्भारपणाचा भार येतो, तेव्हा काय घडते? गर्भवतीच्या शरीरातील रक्ताचे प्रमाण जवळजवळ दीडपट होते आणि ते सर्व फिरविण्याचे काम हृदयाला करावे लागते. आमवात गर्भारपणात पुष्कळदा ओसरतो. अमेरिकन वैद्य फिलिप हेंच यांनी हे टिपले आणि त्यातून सुरू झालेला शोध कॉर्टिसोनपर्यंत पोहोचला. 1950 चे नोबेल पारितोषिक त्यांना सहकाऱ्यांसह मिळाले. मात्र प्रसूतीनंतर तोच आजार अनेकींमध्ये उसळी घेतो. ल्युपसमध्ये तर रक्तदाब वाढणे, मूत्रपिंडावर ताण येणे आणि अपुऱ्या दिवसांची प्रसूती यांची शक्यता अधिक असते.

म्हणूनच खरी तयारी दिवस राहण्यापूर्वी करावयाची असते. आजार किमान सहा महिने शांत असावा, मगच गर्भधारणेचा विचार करावा, असे तज्ज्ञ सांगतात. मेथोट्रेक्सेट, मायकोफिनोलेट यांसारखी गर्भाला घातक औषधे आधीच थांबवून त्यांच्या जागी सुरक्षित औषधे सुरू करावी लागतात. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन मात्र गर्भारपणातही चालू ठेवणे हितकारक असते. ‘पोटात बाळ आहे, आता गोळ्या नकोत’ असे म्हणून घरातील वडीलधाऱ्यांनी ती बंद करविली, तर आजार उफाळतो. विसाव्या आठवड्यानंतर दुकानातून परस्पर आणलेली वेदनाशामक गोळीही बाळाच्या मूत्रपिंडांस व हृदयाजवळील रक्तवाहिनीस अपाय करू शकते.

बाळाच्या हृदयाचा आणखी एक प्रश्न आहे. ज्या मातेच्या रक्तात ‘अँटी-रो’ प्रतिपिंडे असतात, तिच्या बाळाच्या हृदयाची स्पंदने मंदावण्याची शक्यता शंभरात एक-दोन असते. यासाठी साधारण अठराव्या ते सव्विसाव्या आठवड्यांदरम्यान गर्भाच्या हृदयाची इको तपासणी सुचविली जाते.

सिंधुदुर्गातील कुटुंबांना येथे अंतराचाही हिशेब करावा लागतो. मालवणहून ओरोसचे जिल्हा रुग्णालय तासाभराच्या वाटेवर, तर गोव्यातील बांबोळीचे वैद्यकीय महाविद्यालय शंभरहून अधिक किलोमीटर दूर. आषाढातील मुसळधार पावसात रात्री ही वाट शोधण्यापेक्षा प्रसूती कोठे होणार, हे चौथ्या-पाचव्या महिन्यातच ठरवावे. शासकीय केंद्रांत दरमहा 9 तारखेला गर्भवतींची मोफत तपासणी होते. तेथे जुन्या आजाराचे सर्व कागद दाखवावेत. स्त्रीरोगतज्ज्ञ, संधिवाततज्ज्ञ व हृदयरोगतज्ज्ञ यांनी एकमेकांचे कागद पाहिलेले असणे, हेच येथे अर्धे औषध आहे.

उपवासाबाबतही स्पष्ट बोलणे इष्ट. स्टेरॉइडची गोळी एकाएकी चुकविणे जिवावर बेतू शकते. पर्युषणात तपश्चर्येचा संकल्प करण्यापूर्वी अशा मातेने वैद्याचा सल्ला घ्यावा. चौविहार पाळणाऱ्यांनी वेळापत्रक आधीच सांगितल्यास अनेक औषधे दिवसाउजेडी बसविता येतात.

सर्वांत अवघड विषय आहे तो लपवाछपवीचा. स्थळ मोडेल या भीतीने मुलीचा आजार सांगितला जात नाही. मग सासरी ती गोळ्या चोरून घेते किंवा सोडूनच देते. व्यवहारात मागील बाकी लपवून नवे खाते उघडणारा पुढे अडचणीत येतो. येथे तर दोन जिवांचा प्रश्न असतो. औषधोपचाराखाली आजार आटोक्यात असलेल्या बहुसंख्य स्त्रियांचे बाळंतपण सुखरूप होते, ही गोष्ट दोन्ही घरांना ठाऊक असेल, तर सत्य सांगणे सोपे होते.

बाळ पाळण्यात आले म्हणजे काळजी संपली, असेही नव्हे. आडवे पडल्यावर धाप लागणे, रात्री खोकल्याने जाग येणे, छातीत धडधडणे, पायांची सूज वाढणे ही लक्षणे बाळंतिणीचा अशक्तपणा समजून दुर्लक्षू नयेत. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. गर्भारपणात रक्तदाब वाढलेल्या स्त्रीला पुढील आयुष्यात हृदयविकाराचा धोका सुमारे दुप्पट असतो. तिचा रक्तदाब, साखर व कोलेस्टेरॉल दरवर्षी तपासले जावे. बारशाचा खर्च मांडून ठेवणाऱ्या घराने ही नोंदही त्याच निष्ठेने ठेवावी. तपासणीला नेताना पतीने सोबत जावे आणि कागदांची पिशवी घरात सर्वांना ठाऊक असलेल्या जागी ठेवावी.