३३ मिनिटांचा फुकट दागिना

'रन द ज्वेल्स' म्हणजे अमेरिकी शहरातल्या लुटारूची दमदाटी: काढ अंगावरचे दागिने! एलएल कूल जेच्या एका जुन्या गाण्यातले हे शब्द दोन रॅपर्सनी उचलले, आपल्या जोडीला दिले, पहिल्या अल्बमलाही दिले. आणि २६ जून २०१३ रोजी तो अल्बम त्यांनी इंटरनेटवरून फुकट वाटून टाकला.

एल-पी आणि किलर माइक, दोघेही १९७५ सालचे. म्हणजे जोडी म्हणून पदार्पण केलं तेव्हा ३८ वर्षांचे. ब्रुकलिनच्या एल-पीने 'कंपनी फ्लो' या गटाबरोबर १९९७ साली 'फनक्रशर प्लस' हा अल्बम केला होता, पुढे 'डेफिनिटिव्ह जक्स' ही स्वतःची रेकॉर्ड कंपनी उभी केली आणि २०१० मध्ये तिचं काम थांबवलं. अटलांटाचा माइक आउटकास्ट या रॅप जोडीच्या सावलीत मोठा झाला. त्यांच्याबरोबरच्या गाण्याला ग्रॅमीही मिळालं, पण मोठ्या रेकॉर्ड कंपनीशी त्याचं फार काळ जमलं नाही. 'अ‍ॅडल्ट स्विम' वाहिनीच्या जेसन डीमार्को यांनी दोघांची गाठ घालून दिली. आधी मोजक्या गाण्यांचा बेत होता, पण एल-पीने माइकचा 'आर.ए.पी. म्युझिक' (२०१२) हा अख्खा अल्बम घडवला. मग दोघे एकत्र दौऱ्यावर निघाले, आणि दौऱ्यातली दोस्ती स्टुडिओत आली.

दहा गाणी, जेमतेम ३३ मिनिटं. एल-पीचे बीट ऐकावेत ते चांगल्या स्पीकरवर, आवाज वाढवून. खाली जाडजूड, खरखरीत सिंथ, वर दाट ड्रम. कानाला ठेक्याची सवय लागते न लागते तोच तो ठेका मोडतो. लिटल शालिमार आणि वाइल्डर झोबी हे त्याचे जुने सोबती याही कामात हाताशी होते. पण या अल्बमची खरी मजा दोन आवाजांत आहे. माइकचा आवाज भारदस्त, चर्चमधल्या उपदेशकासारखा छातीतून येणारा. एल-पी शब्द तोडत, यमकात यमक अडकवत सुसाट जातो. सवाल-जवाबात समोरच्याला निरुत्तर करायचं असतं. इथे एकाने ओळ उंच फेकायची आणि दुसऱ्याने ती हवेतच झेलायची. 'बनाना क्लिपर' या गाण्यात आउटकास्टचा बिग बॉय येतो, तोही या झेलाझेलीत रंगून जातो. शेवटच्या गाण्यात मात्र फुशारकी ओसरते आणि दोघांची जखम उघडी पडते. ते गाणं नसतं, तर हा अल्बम नुसता धमाल ठरला असता.

फुकट म्हणजे अगदीच फुकट नव्हे. डाउनलोड करणाऱ्याने आपला ई-मेल पत्ता द्यायचा. सीडी आणि रेकॉर्ड 'फूल्स गोल्ड' या स्वतंत्र कंपनीने विकायला काढल्या, पण ऐकणाऱ्यांची यादी थेट कलाकारांच्या हाती आली. पुढचा कार्यक्रम, टी-शर्ट, नवा अल्बम, सगळं त्या पत्त्यांवर कळवता येतं. निक गॅझिन यांनी मुखपृष्ठावर काढलेले दोन हात, एक साखळी पकडलेला आणि एक बोटांचं पिस्तूल रोखलेला, कार्यक्रमांत हजारो लोक हवेत उंचावू लागले. २०१५ मध्ये मार्व्हलच्या कॉमिक्सच्या मुखपृष्ठांवरही ते झळकले.

कुणीही नवख्या जोडीने ही वाट डोळे मिटून धरू नये. या दोघांच्या मागे दीड दशकाचं नाव होतं, आणि गाणं फुकट दिलं की घर चालवायला रंगमंच लागतो. २०२० मध्ये तोच बंद झाला. 'रेज अगेन्स्ट द मशीन' या रॉक बँडबरोबरचा मोठा दौरा कोविडमुळे पुढे ढकलावा लागला. त्याच जूनमध्ये, पोलिसाच्या हातून झालेल्या जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर रस्ते पेटलेले असताना, त्यांनी चौथा अल्बम ठरल्या तारखेच्या दोन दिवस आधी खुला केला आणि तोही फुकट दिला. रखडलेला दौरा २०२२ मध्ये सुरू झाला, तर 'रेज'चा गायक झॅक दे ला रोचा याचा पाय दुखावला आणि पुढचे अनेक कार्यक्रम रद्द झाले. दुसऱ्याच्या पायावर आपला हंगाम अवलंबून असावा, ही या धंद्यातली भीती खरी आहे.

२०२३ मध्ये जोडीची दहा वर्षं झाली. अमेरिकेतल्या चार शहरांत त्यांनी चार-चार रात्री कार्यक्रम केले, रोज एक अल्बम. त्यात हा ३३ मिनिटांचा अल्बमही होता. या वेळी मात्र लोक तिकीट काढून आले होते.