इस्तंबूलहून एक दिवस तुर्की खेड्यात

इस्तंबूलला जाणार असाल तर एक दिवस जुमालिकिझिकसाठी ठेवाच. बुर्सा शहराच्या पूर्वेला, उलुदाग पर्वताच्या पायथ्याशी हे उस्मानी काळातलं खेडं आहे. गाइडसह सहली इस्तंबूलहूनही निघतात. २०१४ साली बुर्सासोबत या गावाला युनेस्कोच्या जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. बुर्सा ही उस्मानींची पहिली मोठी राजधानी. तिथल्या धर्मादाय संस्थांचा खर्च अशा वक्फ गावांच्या उत्पन्नातून चाले.

घरं बघताना खालचा मजला नीट बघा. तो दगडी आणि जवळजवळ बिनखिडक्यांचा, कारण तिथे गुरं आणि कोठार असे. वरचे मजले लाकूड-मातीचे, गल्लीवर पुढे आलेले. फरसबंदी गल्ल्या उतरत्या, मधोमध पाणी वाहून जायला पन्हळ. गाइड हवा तो यासाठी. नाहीतर आपण नुसतेच रंगीत भिंतींचे फोटो काढत बसतो!

आता खाणं. इथला न्याहारीचा थाट मोठा: चीज, ऑलिव्ह, मध, घरचे मुरंबे, काचेच्या छोट्या पेल्यांतून चहा. बायका बारीक, लांब लाटण्याने कागदासारखी पातळ पोळी लाटतात, आत पालक, बटाटा किंवा चीज भरून तव्यावर भाजतात. हीच गोझलेमे. सोबत आयरान, म्हणजे खारं ताक. शाकाहाऱ्यांची अजिबात अडचण नाही.

शनिवार-रविवारी मात्र बुर्साकरांची तोबा गर्दी असते. मधल्या वारी, सकाळी लवकर जा. बूट चांगल्या पकडीचे घाला, आणि लोकांचे फोटो विचारूनच काढा.