काळजीला वेळ ठरवून द्या

दिवे मालवून पाठ टेकली, की नेमकं तेव्हाच आठवतं. गॅसचा नंबर लावायचा राहिला, आईच्या बीपीच्या गोळ्या संपत आल्यात, सोमवारी फी भरायची आहे. उरकलेल्या कामांपेक्षा अर्धवट कामं जास्त लक्षात राहतात, हे मानसशास्त्रज्ञ ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ सालीच मांडलं होतं.

अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात मायकल स्कलिन आणि सहकाऱ्यांनी केलेला एक साधा प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. ५७ तरुणांना प्रयोगशाळेत झोपवलं. त्याआधी पाच मिनिटं काहींनी करायच्या कामांची यादी लिहिली, बाकीच्यांनी उरकलेल्या कामांची. डोक्याला इलेक्ट्रोड लावून झोप मोजली. उरकलेल्या कामांचं समाधान झोप आणेल असं वाटतं ना? झालं उलटंच. करायची कामं लिहिणारे सरासरी नऊ मिनिटं आधी झोपले, आणि यादी जितकी तपशीलवार तितकी झोप लवकर. म्हणजे ‘आईचं बघायचं’ असं मोघम नको. ‘सकाळी दहाला मेडिकलमधून गोळ्यांच्या दोन स्ट्रिप आणायच्या’ असं लिहावं.

ज्यावर आपला इलाजच नाही, त्या काळजीचं काय? मानसशास्त्रज्ञ टॉमस बोर्कोव्हेक यांच्या गटाने १९८३ मध्ये सुचवलं, की रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी अर्धा तास काळजी करायची. एरवी मनात आली तर त्या वेळेवर ढकलायची. मला हा उपाय मोलाचा वाटतो, कारण ‘काळजी करूच नका’ असा अशक्य सल्ला तो देत नाही.

आठवडेच्या आठवडे झोप उडाली असेल, तर मात्र यादीवर विसंबू नका, डॉक्टरांना गाठा.