संगणकाचे दप्तर आणि रोजची कीर्द

संस्थेचे दप्तर ही विश्वस्तांच्या हाती सोपविलेली ठेव होय. देणग्यांच्या नोंदी, शिष्यवृत्तीचे अर्ज, सभासदांची यादी हे सारे आता संगणकात असते. दर रात्री नेटवर्कवरून त्याचा बॅकअप दुसऱ्या यंत्रावर गेला, की आपण निश्चिंत होतो. ही निश्चिंती कितपत खरी, हे पाहावे कसे, याचा खुलासा येथे करण्याचे आम्ही योजिले आहे.

उदाहरणादाखल बॅक्युला हे सॉफ्टवेअर घेऊ. कर्न सिबाल्ड यांनी २००० साली त्याच्या कामास आरंभ केला व २००२ साली ते सर्वांस खुले झाले. त्यातील पूर्ण बॅकअप म्हणजे आरंभीची शिल्लक आणि वाढीव बॅकअप म्हणजे रोजकीर्द. वाढीव बॅकअपमध्ये मागील वेळेनंतर बदललेल्या फाइलीच तेवढ्या उचलल्या जातात. दप्तर पुन्हा उभे करण्यास पूर्ण बॅकअप व त्यानंतरचे वाढीव बॅकअप, सारेच लागतात. कीर्दीचे मधले पान फाटले, तर हिशेब कसा जुळावा?

आता नेहमीच्या अडचणी पाहू. वाढीव बॅकअप सांगूनही कधी पूर्णच घेतला जातो. आधीच्या यशस्वी पूर्ण बॅकअपची नोंद सापडली नाही, किंवा कोणत्या फाइली घ्यावयाच्या ती यादी आपण बदलली, की असे होते. तो दोष नव्हे, सावधगिरी आहे.

लिनक्सवर कधी मजकूर न बदलताही हजारो फाइली पुन्हा उचलल्या जातात. फाइलींचे मालक वा परवानगी बदलली, तरी बदलाची वेळ नवी होते. तिकडे प्रथम पाहावे.

याहून घातक प्रकार म्हणजे फाइल सुटणे. जुन्या अर्जांचा फोल्डर दुसरीकडून आणून ठेवला, तर आतील फाइलींवरील वेळ जुनीच राहते व वाढीव बॅकअप त्यांना ओलांडून जातो. उलट, काढून टाकलेल्या फाइली परत आणताना पुन्हा अवतरतात. ‘ॲक्युरेट’ ही सोय चालू ठेवल्यास दोन्ही टळते. ती नसेल, तर अशा हलवाहलवीनंतर पूर्ण बॅकअप घ्यावा. तसेच एखाद्या फोल्डरात दुसरी डिस्क जोडलेली असेल, तर वेगळे सांगितल्यावाचून हे सॉफ्टवेअर तीत उतरत नाही. अहवालात तशी सूचना येते. परंतु ती वाचणार कोण?

म्हणून आमची सभासदांस विनंती अशी, की अहवालातील ‘यशस्वी’ हा शब्द पाहून थांबू नये. किती फाइली गेल्या हा आकडा रोज पाहावा. दर तिमाहीस शिष्यवृत्तीची एखादी नोंदवही निराळ्या फोल्डरात परत आणून मूळ वहीशी ताडून पाहावी. शिल्लक पेटीतून मोजल्यावाचून आपण कीर्दीवर सही करीत नाही. दप्तराच्या बाबतीतही तोच नियम पाळावा.