जुन्या पद्मिनीला इलेक्ट्रॉनिक इग्निशन: सुटे भाग कसे निवडावेत

जुन्या प्रीमियर पद्मिनीत कॉइलचा प्रवाह जोडण्या-तोडण्याचं काम डिस्ट्रिब्युटरमधले सीबी पॉइंट करतात. प्रवाह तुटला की प्लगला ठिणगी मिळते. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असेल, तर पॉइंट तेवढ्यात 6000 वेळा उघडतात. ते झिजतात, जळतात, मग टायमिंग सरकतं. इलेक्ट्रॉनिक किटमध्ये फिरणारं चुंबकी कडं आणि सेन्सर हेच काम एकमेकांना न टेकता करतात.

किट घेण्याआधी आपण डिस्ट्रिब्युटरची टोपी काढून शाफ्ट आडवा हलवून पाहावा. तो डुगडुगत असेल तर आधी बुश बदलावेत. तो दोष किटने जात नाही. डिस्ट्रिब्युटरवरचा नंबर टिपून घ्यावा आणि त्यावरूनच किट मागावं. इतक्या वर्षांत मूळ डिस्ट्रिब्युटर बदललेला असू शकतो.

बॅटरीचं कोणतं टोक बॉडीला जोडलंय, तेही पाहावं. जुन्या ब्रिटिश गाड्यांत अनेकदा प्लस टोक अर्थ असतं. उलट जोडणीने किटमधलं इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल जळू शकतं.

आता कॉइल. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. तारा सुट्या करून कॉइलच्या दोन लहान टोकांमधला रोध, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा, आपण मल्टिमीटरने मोजावा. मीटरच्या पिना एकमेकींना टेकवल्यावर दिसणारा आकडा त्यातून वजा करावा. 3 ओहमची कॉइल 12 व्होल्टवर 4 अँपिअर घेते. दीड ओहमची थेट जोडली तर 8. दीड ओहमची कॉइल बहुधा बॅलास्टसाठी, म्हणजे वाटेत बसवलेल्या जादा रोधासाठी, बनवलेली असते. जोरदार ठिणगीच्या मोहाने ती थेट लावली की मॉड्यूल तापून जातं आणि दोष किटवर येतो. किटच्या कागदावर कॉइलचा किमान रोध दिलेला असतो; खरेदी त्यावरूनच करावी. गाडीत बॅलास्ट असेल तर मॉड्यूलची तार त्याच्या आधीच्या टोकावरून घ्यावी, कारण मॉड्यूलला पूर्ण 12 व्होल्ट लागतात.

प्लगच्या वायरी निव्वळ तांब्याच्या असतील तर त्यांच्या विद्युत गोंगाटाने सेन्सर गोंधळतो आणि इंजिन मिसिंग करतं. कार्बन गाभ्याच्या वायरी घ्याव्यात.

बसवल्यावर टायमिंग लाइटने टायमिंग पुन्हा लावावं. इंजिन बंद असताना चावी चालू ठेवू नये. अनेक मॉड्यूल त्यानेच जळतात. काढलेले पॉइंट आणि त्यांच्या जोडीचा कंडेन्सर मात्र डिकीतच ठेवावेत. रस्त्यात मॉड्यूल गेलं, तर तेच घरी आणतील.