अडथळ्यांची शर्यत : निकालाच्या पलीकडे काय वाचायचं?



आजचा विषय तसा आपल्या अंगणातला नाही. महालक्ष्मीला किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर आपण बघतो त्या सपाट मैदानावरच्या शर्यती. घोडे सुटले की दीड-दोन मिनिटांत खेळ आटोपतो. मी बोलणार आहे ते ब्रिटनमधल्या अडथळ्यांच्या शर्यतींबद्दल. तिथे सगळ्यात छोटी शर्यतही साधारण दोन मैलांची असते, आणि वाटेत साडेतीन किंवा साडेचार फुटांचे, क्वचित त्याहून उंच अडथळे असतात. घोडा दमतो, चुकतो, पडतो. त्यामुळे संध्याकाळी निकालाचा कागद हातात घेऊन ‘आज कोण चांगलं धावलं?’ असं विचारलं, तर ‘जो पहिला आला तो’ एवढं उत्तर पुरत नाही.

आधी कागद कसा वाचायचा ते बघू. शर्यत पूर्ण न केलेल्या घोड्यापुढे एक अक्षर असतं. ‘एफ’ म्हणजे घोडा स्वतः पडला. ‘यू’ म्हणजे घोडा उभा राहिला, पण जॉकी खाली आला. ‘बी’ म्हणजे दुसऱ्या पडलेल्या घोड्यामुळे हा पडला. ‘पी’ म्हणजे जॉकीनं स्वतःहून थांबवला. नवखा माणूस या चौघांनाही ‘हरले’ म्हणून मोकळा होतो. पण ‘बी’वाल्याचा काहीच दोष नसतो. आणि ‘पी’ तर पुष्कळदा त्या दिवसातली सगळ्यात शहाणी कामगिरी असते. घोड्यात दम उरलेला नाही, हे ओळखून पुढच्या अडथळ्याआधी लगाम खेचणारा जॉकी घोड्याचा जीव वाचवत असतो. त्यासाठी कोणी टाळ्या वाजवत नाही, एवढंच.

उलट बाजूही बघा. १९६७ ची ग्रँड नॅशनल. लिव्हरपूलजवळचं एन्ट्रीचं मैदान, दोन फेऱ्या, तीस अडथळे. तेविसाव्या अडथळ्यापाशी एक विनास्वार घोडा आडवा धावला आणि मागून येणाऱ्या घोड्यांचा ढीग झाला. फॉइनेव्हन नावाचा घोडा इतका मागे होता की त्याच्या जॉकीला, जॉन बकिंगहॅमला, समोरचा गोंधळ नीट बघायला वेळ मिळाला. त्यानं फट शोधली, उडी घेतली आणि पुढे निघून गेला. शंभरास एक भाव असलेला घोडा जिंकला. आता फॉइनेव्हन त्या दिवशीचा सर्वोत्तम घोडा होता का? अजिबात नाही. पण बकिंगहॅमची कामगिरी? ती मात्र खरी. घोडा आणि स्वार यांचे गुण वेगवेगळे मांडायचे असतात, ते असे.

आता मुख्य उदाहरणाकडे येतो. ३१ मार्च १९७३, तीच ग्रँड नॅशनल. निकाल असा : पहिला रेड रम, दुसरा क्रिस्प, अंतर पाऊण लेंग्थ. लेंग्थ म्हणजे एका घोड्याची लांबी, साधारण आठ फूट. म्हणजे साडेचार मैल धावून क्रिस्प हरला तो सहा फुटांनी.

एवढंच वाचून कागद मिटला तर काय निसटतं? पहिली गोष्ट, वजन. ही हँडिकॅप शर्यत. चांगल्या घोड्यावर जास्त वजन, कमी घोड्यावर कमी, म्हणजे सगळ्यांना संधी राहते. जॉकी खोगीर घेऊन काट्यावर उभा राहतो. कमी भरलं तर शिशाचे तुकडे घालतात. क्रिस्पवर १२ स्टोन होते, म्हणजे १६८ पौंड. रेड रमवर १० स्टोन ५ पौंड, म्हणजे १४५. फरक २३ पौंडांचा, दहा किलोंहून थोडा अधिक. गव्हाची दहा किलोची पिशवी पाठीवर घेऊन एकानं जिना चढायचा आणि दुसऱ्यानं मोकळं चढायचं, असं समजा. लांब पल्ल्याच्या शर्यतीत एक पौंड म्हणजे ढोबळमानानं एक लेंग्थ धरतात. त्या हिशेबानं त्या दिवशी क्रिस्प रेड रमपेक्षा बावीस लेंग्थनं सरस ठरतो. हरलेला घोडा!

दुसरी गोष्ट, वेळ. रेड रमनं ९ मिनिटं १.९ सेकंद घेतले. १९३५ मध्ये रेनॉल्ड्सटाउननं केलेला विक्रम त्यानं पंधरा सेकंदांहून अधिक फरकानं मोडला. आणि क्रिस्प पाऊण लेंग्थच मागे, म्हणजे जुना विक्रम त्यानंही मोडला.

तिसरी गोष्ट, मागे कोण होतं. तिसरा आला ल’एस्कार्गो, १९७० आणि १९७१ चा चेल्टनहॅम गोल्ड कपचा विजेता. त्याच्यावरही १२ स्टोनच होते. तो पंचवीस लेंग्थ मागे राहिला. समान वजनाचा, नावाजलेला घोडा इतका मागे, म्हणजे क्रिस्पची धाव कुठल्या प्रतीची होती याचा हा सगळ्यात पक्का पुरावा.

आता जॉकीकडे येऊ. इथे न्याय करणं जास्त अवघड आहे. क्रिस्पवर रिचर्ड पिटमन होता. घोडा पहिल्यापासून आघाडीवर राहून, आनंदानं उड्या घेत धावणारा. शेवटचा अडथळा ओलांडला तेव्हाही तो बराच पुढे होता. पुढे राहिली चारशे-साडेचारशे मीटरची मोकळी धाव. पण घोडा संपला होता. पिटमननं उजव्या हातानं चाबूक मारला. घोडा डावीकडे सरकला. जायचं होतं उजवीकडे. त्याला पुन्हा वाटेवर आणण्यात लय तुटली. पिटमननं नंतर अनेकदा जाहीरपणे स्वतःला दोष दिला.

तो दोष आपणही मान्य करायचा का? सहा फुटांचा फरक आणि ती एक चूक, असं शेजारी ठेवलं तर होय. पण त्याआधीच्या तीस उड्या कोणाच्या खात्यावर लिहायच्या? १२ स्टोन घेऊन धावणाऱ्या घोड्याला एकही अडथळा न अडखळता पार करू दिला, तोही पिटमनच ना? शेवटच्या अर्ध्या मिनिटावरून नऊ मिनिटांचा निकाल लावायचा नाही, हा माझ्या दृष्टीनं पहिला नियम. आणि रेड रमवरच्या ब्रायन फ्लेचरला विसरू नका. समोरचा घोडा इतका लांब गेला असताना त्यानं पाठलाग सोडला नाही. त्याचा घोडा जिंकला तो नुसत्या हलक्या वजनानं नाही.

आणखी एक गोष्ट सांगतो आणि थांबतो. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डॉनकॅस्टरला हे दोन घोडे समान वजनानं भिडले. क्रिस्प आठ लेंग्थनं जिंकला. आपला हिशेब दिशेनं बरोबर, पण बावीसच्या जागी आठ! आणि १९७४ मध्ये रेड रमनं स्वतः १२ स्टोन घेऊन पुन्हा ग्रँड नॅशनल जिंकली, ल’एस्कार्गो दुसरा. ‘हलक्या वजनाचा विजेता’ म्हणून ज्यांनी त्याला निकालात काढलं असेल त्यांना शब्द मागे घ्यावे लागले असणार. तेव्हा संध्याकाळी लिहिलेलं मत पेन्सिलीनं लिहावं.

श्रोत्यांतून प्रश्न : सर, मग पहिल्या येणाऱ्याला काही अर्थच नाही का?

आहे ना. करंडक त्याचा, बक्षीस त्याचं, इतिहासात नाव त्याचं. ते कोणी काढून घेत नाही. पण निकाल सांगतो कोण पुढे होतं. किती ओझं घेऊन, कोणत्या वेगानं आणि कोणाच्या चुकीमुळे किंवा शहाणपणामुळे, ते आपल्याला शोधावं लागतं. घोडा तर काही सांगणार नाही. त्याच्या वतीनं कागद नीट वाचणं एवढंच आपल्या हातात आहे.